जुन्या वळणाचा

पहाटे साडेपाचला फोन वाजतो:
सातवी, खोली अकरा, मिसेस हॉल्वर्सन आजारी.
मी दाढी करतो, टाय बांधतो.
या शाळेत टाय आता दोघांनाच,
मला आणि भिंतीवरच्या मुख्याध्यापकांना,
जे वारून चाळीस वर्षं झाली.

ऑर्विल टीडमन. वय सदुसष्ट.
नेब्रास्कातल्या या गावात धान्याच्या कोठारावर
एकतीस वर्षं हिशेब लिहिले. आता बदली शिक्षक.
बदल म्हटला की ज्याच्या कपाळाला आठी
तो बदलीवर पोट भरतो,
हा विनोद बायकोचा, दर सोमवारचा.
आता सोमवारी तो मीच करतो, आरशात.

दुसऱ्याच्या टेबलाशी बसायचं म्हणजे
पाहुण्यासारखं वागायचं. खण उघडायचा नाही.
मगवरच्या घोषणेशी वाद घालायचा नाही,
जरी नोव्हेंबरात मी तिच्याविरुद्धच मत दिलं.
मार्कर दोघांचा एकच, तोही वाळत आलेला.

झेंड्यापुढे प्रतिज्ञा. अर्धी मुलं उभी,
अर्धी बुटांच्या नाड्यांत गुंतलेली.
मी ओरडत नाही. छातीवरचा हातही काढत नाही.
शाळेतली प्रार्थना बंद झाली तेव्हा मी पहिलीत होतो;
आमच्या बाई त्यानंतरही महिनाभर
हजेरीआधी नुसते ओठ हलवत उभ्या राहायच्या.
आम्हाला वाटायचं, बाई आमची नावं पाठ करतायत.

दुपारी अब्दिरिझाक विचारतो, दहा मिनिटं मिळतील?
त्याचे आईवडील मांसाच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
मी त्याला नकाशांच्या खोलीची किल्ली देतो
आणि दाराबाहेर राखण करत उभा राहतो.
आमच्या चर्चमध्ये गेल्या रविवारी अठरा डोकी,
त्यातली चौदा पांढरी.
या इमारतीत निदान एकाचे गुडघे अजून वाकतात,
हे समाधान मी कोणत्या पक्षाच्या कचेरीत नेऊन सांगू?

आणि हो, ग्रंथालयातून एक पुस्तक काढा,
त्या अर्जावर माझी सही आहे. लपवायचं कशाला.
सह्या करणाऱ्यांत ते वाचलेला मी एकटाच,
रात्री दोनपर्यंत, हातात पेन्सिल घेऊन.
तरीही सही केली.
पण त्यातली ती मुलगी
अजून माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून उभी असते,
कुणाला फोन करावा ते न सुचून.

शेवटचा तास. टेसा ब्रिग्ज एक कागद घेऊन येते.
"तुम्हाला हे वाचता येतं का? कुणालाच येत नाही."
निळी शाई. उजवीकडे झुकलेलं, हातात हात धरून चाललेलं अक्षर,
मनगटावर पट्टी मारून बसवत आमच्या काळी, ते वळण.
पाकिटावर तुरुंगाचा शिक्का.

शाळेनं हे वळण शिकवणं सोडलं
त्या सभेत मी एकटाच भांडलो होतो.
शिक्षा कडक करा म्हणणाऱ्याला मत दिलं,
तेही मीच, पावसात रांग लावून.

मी हळू आवाजात वाचतो:
ट्रकचं तेल बदलून घ्या.
ड्रिल विकू नका, काहीही झालं तरी.
तुझ्या दातांची तार निघाली का?
मग एक ओळ, आणि मी थांबतो.
"अक्षर लागत नाही का?"
लागतंय, मी म्हणतो. जरा थांब.

घंटा होते. वर्ग रिकामा होतो. ती जात नाही.
"मला असंच लिहून उत्तर पाठवायचंय."
मी फळ्यावर पहिलं अक्षर काढतो,
एक गोल, मग शेपटी, शेजारच्याकडे पोचणारी.
शब्द संपेपर्यंत हात उचलायचा नाही, सांगतो.
तिचा हात तीनदा उचलला जातो.
बाहेर पिवळी बस निघून जाते.
सोडीन मी तुला, म्हणतो, आईला विचार.

मिसेस हॉल्वर्सनसाठी चिठ्ठी:
वर्ग शांत होता. गृहपाठ खणावर ठेवलाय.
नकाशांच्या खोलीची किल्ली जागेवर आहे.
फळा पुसलेला नाही.
कृपया उद्याही पुसू नये.